तळघरातील जाझ आणि त्याचा जमाखर्च



संगीताचा इतिहास सांगताना आपण गवयांची, वादकांची आणि बंदिशी बांधणाऱ्यांची नावे सांगतो. गाणे झाले तो दिवाणखाना कोणाचा होता, दिवाबत्तीचा खर्च कोणी केला, ऐकावयास पंचवीसच माणसे आली त्या रात्रीचा तोटा कोणी सोसला, हे सहसा कोणी विचारीत नाही. आपल्याकडील बैठकीच्या गाण्याला संस्थानिकांनी आणि सावकारांनी आश्रय दिला, म्हणून त्या आश्रयदात्यांची नावे तरी आपल्याला ठाऊक आहेत. परंतु ज्या कलेला राजा नव्हता, संस्थान नव्हते, देवस्थानाचे उत्पन्नही नव्हते, ती कला जगली कशी? आज अशाच एका कलेविषयी, म्हणजे अमेरिकेतील जाझ संगीताविषयी बोलावयाचे आहे. परंतु तिच्या वादकांपेक्षा तिला जागा देणाऱ्या एका लहान दुकानदाराविषयी अधिक. न्यूयॉर्क शहरात ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाचा एक क्लब आहे. क्लब म्हणजे काय, तर रस्त्यावरून पंधरा पायऱ्या उतरून जावयाचे एक तळघर. १९३५ सालापासून तो त्याच जागेत आहे. त्याच्या वह्या-खतावण्यांच्या बाजूने पाहिले तर या संगीताच्या इतिहासातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, असे मला वाटते.

प्रथम, हे संगीत काय आहे ते थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांनी ते घडविले. एखादी सुरावट घ्यावयाची, तिच्याखालच्या स्वरसंघांची साखळी आणि तालाचे आवर्तन कायम ठेवावयाचे, आणि त्या चौकटीत प्रत्येक वादकाने आपापल्या पाळीला आयत्या वेळी सुचेल ते वाजवावयाचे, ही त्याची मुख्य रीत. ख्यालाच्या बैठकीत बसणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. उपज म्हणजे काय, समेवर येण्याचा आनंद म्हणजे काय, हे तो जाणतो. आरंभी हे संगीत नाचासाठी होते. १९३०च्या दशकात पंधरा-पंधरा वादकांचे ताफे मोठमोठ्या नृत्यगृहांत वाजवीत आणि शेकडो जोडपी नाचत. परंतु १९४०च्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक अशा तरुण वादकांनी त्याचे रूप पालटले. लय इतकी द्रुत आणि रचना इतकी गुंतागुंतीची झाली की, त्यावर नाचण्यापेक्षा बसून कान देणेच भाग पडू लागले. नाचणारे गेले आणि ऐकणारे उरले. ऐकणाऱ्यांना लहान खोली हवी असते. पियानोवाल्याची बोटे दिसावीत, आडव्या हाताने छेडलेल्या उंच बासचा खर्ज ध्वनिवर्धकावाचून कानी पडावा, एकाने टाकलेला स्वर दुसऱ्याने कसा उचलला ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता यावे, हे हजार माणसांच्या सभागृहात साधत नाही.

मात्र लहान खोली ही व्यापाराच्या दृष्टीने वाईट वस्तू आहे.

ज्याने ही खोली चालविली त्याचे नाव मॅक्स गॉर्डन. १९०३ साली, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील विल्ना परगण्यात, एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो घरच्यांबरोबर अमेरिकेस आला, पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्टलंड गावात वाढला, तेथील रीड कॉलेजात साहित्य शिकला, आणि १९२६ साली वकिलीच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्कला आला. तो अभ्यास लवकरच सुटला. ग्रीनिच व्हिलेज या वस्तीत त्या काळी कवी, चित्रकार, बेकार पदवीधर आणि निरनिराळे विक्षिप्त लोक राहत. त्यांना रात्री बसावयास जागा द्यावी, एवढीच गॉर्डनची कल्पना होती. १९३४ साली त्याने चार्ल्स स्ट्रीटवर ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ उघडला. कवी तेथे आपल्या कविता म्हणत, श्रोते टेबलावर नाणी टाकीत, आणि गॉर्डन पेये विकी.

या जागेला करमणुकीचा परवाना मिळेना. नव्या जागेच्या शोधात आपण काय पाहत होतो, हे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. दोन शौचकूप हवेत, बाहेर पडावयास दोन वाटा हव्यात, चर्च, ज्यू मंदिर किंवा शाळा दोनशे फुटांच्या आत नसावी, आणि भाडे महिना शंभर डॉलरांच्या आत असावे! संगीताच्या इतिहासातील एका विख्यात जागेची निवड या चार अटींवर झाली. १९३५ साली सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरील १७८ क्रमांकाच्या इमारतीचे तळघर त्याला मिळाले. दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९३३ च्या अखेरीपर्यंत, तेथे चोरटा गुत्ता होता. खोलीचा आकार पाचरीसारखा, एका टोकाला निमुळता होत गेलेला. त्या निमुळत्या टोकाला वादकांची जागा झाली. ध्वनीसाठी असा आकार कोणी शास्त्र पाहून केलेला नव्हता. रस्ता तिरका गेला आणि इमारत त्याप्रमाणे बांधली गेली, इतकेच. परंतु त्या खोलीत आवाज फार चांगला उठतो, असा वादकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

त्या खोलीत १२३ माणसे बसू शकतात. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी कहाणी त्या आकड्याची आहे.

नाटक कंपनीचा जमाखर्च ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटकन समजेल. क्लबवाल्याचा खर्च ठरलेला असतो. भाडे, वीज, पियानोची जुळणी, वाढप्यांचे पगार आणि वादकांची बिदागी, हे सगळे खोली भरली तरी तेवढेच आणि रिकामी राहिली तरी तेवढेच. उत्पन्न मात्र १२३ खुर्च्यांच्या वर कधीच जाऊ शकत नाही. कितीही मोठा वादक आला, दारात कितीही रांग लागली, तरी एका वेळी १२४ वा माणूस आत घेता येत नाही. म्हणून रात्रीतून दोनदा कार्यक्रम करावयाचा आणि दुसऱ्या वेळी नवे श्रोते घ्यावयाचे, ही प्रथा पडली. किराणा दुकानात आज न खपलेली साखर उद्या खपते. आजच्या रात्रीची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. शिवाय, विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिलेली एक अडचण आहे. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेच काम थोड्या माणसांत होते. चौघांचे वादन मात्र शंभर वर्षांपूर्वी चौघांनाच करावे लागे आणि आजही चौघांनाच करावे लागते. बाहेर पगार वाढतात, तसा त्या चौघांचा खर्च वाढतो. काम कमी करण्याची सोय नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण अशा धंद्याला तंतोतंत लागू पडते.

मग तोंडमिळवणी कशी होते? प्रवेशमूल्य आणि पेये यांच्या जोरावर. येथे आपल्यापैकी काहींच्या मनात किंतु येईल, आणि तो रास्त आहे. या संगीताचे भाडे पुष्कळ अंशी मद्याने भरले. त्याची किंमत वादकांनीही दिली. रात्रपाळी, मद्य आणि त्याहून भयंकर मादक द्रव्ये यांनी त्या पिढीतील कित्येक गुणी माणसे अकाली नेली. चार्ली पार्कर १९५५ साली चौतिसाव्या वर्षी वारला. ही गोष्ट झाकून क्लबांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याच वेळी हेही पाहावे की, ज्या समाजाने या कलेला विद्यापीठात जागा दिली नाही, सरकारी अनुदान दिले नाही, तिच्या वादकांना वर्णामुळे पुष्कळ हॉटेलांच्या दर्शनी दारानेही आत घेतले नाही, त्या समाजात तिला रोज रात्री वाजविण्याची जागा दुसऱ्या कोणी दिली असती, असे दिसत नाही.

सरकारचा हात या धंद्यात होता, पण तो निराळ्या प्रकारे. १९२६ साली न्यूयॉर्क शहराने कॅबरे कायदा केला. १९४० पासून पोलिसांनी अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र सक्तीचे केले. पूर्वी शिक्षा झालेल्याला ते नाकारता येई किंवा काढून घेता येई. बिली हॉलिडे ही श्रेष्ठ गायिका. १९४७ साली शिक्षा झाल्यावर तिचे पत्र गेले, आणि पुढे स्वतःच्या शहरातील क्लबांत ती गाऊ शकली नाही. थेलोनियस मंकचे पत्र १९५१ साली गेले. ऐन उमेदीची सहा वर्षे त्याला न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजविता आले नाही. १९५७ साली पत्र परत मिळाले आणि ‘फाइव्ह स्पॉट’ नावाच्या दुसऱ्या एका लहान क्लबात त्याचे काही महिन्यांचे वादन झाले, तेव्हा कोठे जगाला तो कळला. ही ओळखपत्रे १९६७ साली बंद झाली. ज्या लहान जागांना कॅबरेचा परवाना नव्हता त्यांना तीनपेक्षा अधिक वादक ठेवण्याची मनाई होती, आणि त्या तिघांतही ढोल किंवा तोंडाने फुंकावयाची वाद्ये चालत नसत. हे निर्बंध न्यायालयाने १९८८ साली मोडून काढले. मूळ कायदा तर २०१७ साली रद्द झाला.

कराची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. युद्धकाळात, १९४४ साली, अमेरिकन सरकारने करमणुकीच्या ठिकाणच्या बिलावर तीस टक्के कर बसविला, आणि त्याच वर्षी तो वीस टक्क्यांवर आणला. जेथे नाच किंवा गाणे असेल तेथे हा कर लागे. केवळ वाद्यसंगीत असेल तर लागत नसे. अर्थात कित्येक मालकांनी नाचाची जमीन काढून तेथे टेबले मांडली, गायिकेला रजा दिली, आणि तीन-चार वादकांवर भागविले. नाचाचे संगीत ऐकण्याचे कसे झाले, याचे श्रेय आपण तरुण वादकांच्या प्रतिभेला देतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रतिभेला सोयीची पडेल अशी खोली तयार करण्यात या कराचाही वाटा होता.

व्हॅनगार्डमध्ये आरंभी जाझ हा मुख्य माल नव्हता, हे ऐकून नवल वाटेल. कवींनंतर तेथे विनोदी नाट्यप्रवेश आले. ज्यूडी हॉलिडे, बेटी कॉमडन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन ही पुढे नावाला आलेली मंडळी येथेच प्रथम चमकली. लेडबेलीसारखे लोकगायक आले, हॅरी बेलाफॉन्टे आला. जाझ मधून मधून होई. १९४८ साली लॉरेन नावाच्या एका तरुणीने गॉर्डनला गळ घालून त्या वेळी कोणाला फारसा ठाऊक नसलेल्या मंकचा एक आठवडा ठरविला. श्रोते फिरकलेच नाहीत, आणि गॉर्डन तिच्यावर चांगलाच वैतागला. पुढे वर्षभरातच त्याने तिच्याशी लग्न केले, आणि कालांतराने त्याच मंकला ऐकण्यासाठी त्याच खोलीत गर्दी लोटली! दूरचित्रवाणीचा प्रसार झाला तसे नकलाकार आणि गायक तिकडे आणि मोठ्या जागांकडे गेले; त्यांची बिदागी तळघराला परवडेना. तेव्हा १९५७ साली गॉर्डनने पुरता जाझचा मार्ग धरला. जे दुसऱ्यांना नको होते ते त्याने घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि येथून या खोलीचे नाव जगभर गेले. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सनी रॉलिन्सने येथे सॅक्सोफोन, बास आणि ढोल एवढ्यांवरच, पियानो न घेता, वादन केले, त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. २५ जून १९६१ या रविवारी बिल इव्हान्स या पियानोवादकाने दोन सोबत्यांसह दुपारी आणि रात्री मिळून पाच सत्रे वाजविली; ती सर्व ध्वनिमुद्रित झाली. त्या ध्वनिमुद्रिका ऐकताना पेल्यांची किणकिण येते, कोणीतरी बोलत असतो, कोणी हसते. म्हणजे ज्यांच्या पैशावर ते वादन चालले होते त्यांपैकी काहींचे लक्षही तिकडे नव्हते. अकरा दिवसांनी त्यांच्यापैकी बासवादक स्कॉट लाफारो मोटारअपघातात ठार झाला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्या तिघांनी एकत्र जे साधले होते त्याचा उत्तम पुरावा म्हणून आज त्या एका दिवसाचे मुद्रण शिल्लक आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जॉन कोल्ट्रेनचे वादनही येथेच मुद्रित झाले.

गॉर्डनच्या व्यवहाराची सगळ्यांत विलक्षण गोष्ट मात्र सोमवारची. सोमवार हा या धंद्यात मंदीचा वार. ७ फेब्रुवारी १९६६ रोजी थॅड जोन्स आणि मेल लुइस या दोघांनी तेथे सोळाहून अधिक वादकांचा ताफा आणला. १२३ खुर्च्यांच्या खोलीत एवढे वादक, हे गणित कोणत्याही मुनिमाने पहिल्याच ओळीला खोडले असते. परंतु ही माणसे दिवसा जाहिरातींच्या आणि दूरचित्रवाणीच्या ध्वनिमुद्रणात पोटापुरते मिळवीत. सोमवारी रात्री अल्पशा मोबदल्यावर ती मनासारखे वाजवावयास येत. रिकामा जाणारा वार भरला आणि मोठ्या ताफ्यासाठी नव्या रचना करणाऱ्यांना एक कायमची जागा मिळाली. जोन्स गेला, लुइसही १९९० साली वारला, पण त्या ताफ्याचा सोमवार अद्याप चालू आहे.

याच गॉर्डनने १९४३ साली एका भागीदाराबरोबर शहराच्या श्रीमंत भागात ‘ब्लू एंजल’ नावाचा झोकदार क्लब काढला होता. तो बराच काळ उत्तम चालला आणि १९६४ साली बंद पडला. तळघर राहिले. लंडनमध्ये रॉनी स्कॉट आणि पीट किंग या दोन सॅक्सोफोनवादकांनी १९५९ साली जेरार्ड स्ट्रीटवरच्या तळघरात क्लब उघडला. अमेरिकन वादकांना तेथे आणण्याआड दोन्ही देशांच्या वादकसंघांचे नियम येत. १९६१ साली पीट किंगने एका ब्रिटिश वादकाच्या बदल्यात एक अमेरिकन वादक अशी तोड काढून झूट सिम्सला आणले. १९६५ साली तो क्लब फ्रिथ स्ट्रीटवरील मोठ्या जागेत गेला आणि तेथेही टिकला. तेव्हा लहान राहणे हाच एक मार्ग आहे असे मी म्हणत नाही. मोठे होणाऱ्याला अधिक खुर्च्या भराव्या लागतात, आणि त्यासाठी आधीच नाव झालेल्या वादकाकडे त्याचा कल झुकतो. अजून नाव न झालेल्याला लहान खोलीत जागा मिळण्याचा संभव अधिक, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुंबईचा विचार येथे मनात येतोच. गॉर्डन आपल्या तळघरात उतरला त्याच १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा व्हायोलिनवादक आफ्रिकी-अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी ही विद्या चटकन उचलली. अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, हा ट्रंपेटवादक रात्री हॉटेलात आपला ताफा चालवी आणि दिवसा चित्रपटसंगीतात काम करी, आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’त त्याचा सूर आहे. परंतु मुंबईत या संगीताचे घर म्हणजे मुख्यतः हॉटेल, आणि त्याचे काम म्हणजे नाचणाऱ्यांची व जेवणाऱ्यांची सोबत. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या उत्पन्नाचा पाया हलला. वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचाच मोठा आधार राहिला. १९७८ पासून ‘जाझ यात्रा’ हा महोत्सव झाला आणि त्याने जगातील थोर वादक येथे आणले. पण महोत्सव ही जत्रा असते. रोजची तालीम जत्रेत होत नाही. २००७ साली लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ निघाला, तेथे नाना प्रकारचे संगीत प्रत्यक्ष ऐकावयास मिळे. तोही २०१६ साली बंद झाला. गुणी वादकांचा तुटवडा मुंबईला नव्हता. त्यांना रोज रात्री, केवळ ऐकणाऱ्यांसमोर, चुकण्याची मुभा असलेली खोली दीर्घकाळ मिळाली नाही.

मॅक्स गॉर्डन १९८९ च्या मे महिन्यात, शहाऐंशीव्या वर्षी वारला. लॉरेनने एक दिवस क्लब बंद ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दार उघडले. पुढे जवळजवळ तीस वर्षे, २०१८ साली मृत्यू येईपर्यंत, तिने ते चालविले. नंतर त्यांची मुलगी डेबोरा हिच्याकडे ते आले. तेथील स्वयंपाकघरात कित्येक वर्षे स्वयंपाक होत नाही. वादकांची बसावयाची जागा आणि मालकाची कचेरी अशी त्याची दोन्ही कामे आहेत. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे दार बंद झाले. काही महिने रिकाम्या खोलीत वादन करून ते घरोघर पडद्यावर पोहोचविले गेले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये माणसे पुन्हा पायऱ्या उतरू लागली.

क्लबवाल्याला संत ठरविण्याचे कारण नाही. वादकांची बिदागी या धंद्यात बहुधा तोकडीच राहिली, आणि त्यांच्या तक्रारींत तथ्य होते. परंतु १२३ खुर्च्यांच्या खोलीत सर्वांना पुरेल इतका पैसा नव्हताच. तो वाटून घेताना प्रत्येकाने थोडी थोडी झीज सोसली. मालकाने मोठ्या नफ्याची आशा सोडली, वादकाने बिदागीत काटकसर केली, आणि श्रोत्याने घरी फुकट ऐकता येत असताना पैसे मोजून पायऱ्या उतरण्याचे कष्ट घेतले. या तिघांपैकी एकाने जरी अंग काढून घेतले असते तरी खोली बंद पडली असती. आपल्या गावात दोन-तीनशे माणसांचे एखादे सभागृह असेल, तेथे अधूनमधून गाण्याची बैठक होत असेल. गाणाऱ्याचे नाव मोठे नसेल, त्या दिवशी पाऊस असेल, आणि तिकिटाचे पैसे जरा जड वाटत असतील. अशा रात्री आपण गेलो की नाही, यावरच त्या सभागृहाचा पुढचा हंगाम ठरत असतो.